ओ२ लावलं की उत्तर चुकतंय? असं शोधा
सी कंपायलरच्या ओ० ला (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं, बंद) कोड नीट चालतो, ओ२ (ते बरंच चालू) लावलं की उत्तर चुकतं, मध्ये एक प्रिंटएफ (मजकूर छापणारी ओळ) टाकला की परत बरोबर. अशा वेळी कंपायलरवर खापर फोडावंसं वाटतं, पण बहुतेक वेळा चूक आपल्याच कोडमध्ये निघते, त्यामुळे आधी तिथेच बघा.

नेहमीची केस म्हणजे साइन्ड ओव्हरफ्लो, अधिक-उणे दोन्ही ठेवणाऱ्या पूर्णांकात उत्तर न मावणं. एक्समध्ये १०० मिळवून आलेलं उत्तर एक्सपेक्षा लहान असेल तर ओव्हरफ्लो झाला, असा चेक लोक लिहितात. पण सीच्या नियमात साइन्ड ओव्हरफ्लो होणारच नाही असं कंपायलर धरून चालतो, मग त्याच्या लेखी ही अट कधीच खरी होत नाही आणि तो ती सरळ उडवतो. बेरजेच्या आधीच बघायचं, एक्स हा इंट-मॅक्स (इंटमध्ये मावणारा सर्वात मोठा आकडा) वजा १०० पेक्षा मोठा आहे का. लिनक्स कर्नलच्या टन (व्हर्च्युअल नेटवर्क) ड्रायव्हरमध्ये २००९ साली याच जातीची चूक सापडली, पॉइंटर (मेमरीचा पत्ता) आधी वापरलेला आणि तो नल (रिकामा) आहे का ते नंतर तपासलेलं, वापरला म्हणजे नल नसणारच असं धरून जीसीसी कंपायलरने तो चेकच काढला आणि सिक्युरिटीला भोक पडलं.

तर आधी सगळ्या वॉर्निंग चालू करा, मग अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीच्या आणि सीचे नियम मोडणाऱ्या चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) लावून चालवा. नंतर एफ-रॅपव्ही (साइन्ड ओव्हरफ्लो होऊ शकतो असं धरायला लावणारा पर्याय) आणि एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग (वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच मेमरीवर असू शकतात असं धरायला लावणारा) लावून बघा, यांनी फरक पडला तर कोडच चुकीचा असण्याची शक्यता जास्त (जीसीसीवालेसुद्धा बग नोंदवायच्या आधी हेच करायला सांगतात). अलायसिंगची चूक (एका टाइपची मेमरी दुसऱ्या टाइपच्या पॉइंटरने वाचणं) हे दोन सॅनिटायझर पकडत नाहीत हे लक्षात ठेवा, फ्लोटचे बिट इंट पॉइंटरने वाचत असाल तर मेमकॉपी (बाइट कॉपी करणारं फंक्शन) वापरा.

एवढं करूनही बग तसाच राहिला तर फाइल शोधा. अर्ध्या फाइल ओ० ने, अर्ध्या ओ२ ने बिल्ड करायच्या, चूक ज्या अर्ध्यात असेल ते परत अर्धं करायचं, २०० फाइल असल्या तरी ८ बिल्डमध्ये एकीवर येता. क्लँग (दुसरा एक कंपायलर) असेल तर त्याचा ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट पर्याय नेमका कुठला पास (ऑप्टिमायझेशनचा टप्पा) घोळ घालतोय तेही दाखवतं. मग सी-रिड्यूसने (बग टिकवून कोड कापत जाणारं टूल) ती फाइल छोटी करा, पण बग अजून आहे का हे त्याला सांगणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सॅनिटायझरचा चेक हवाच, नाहीतर तो कापत कापत तुम्हाला भलत्याच चुकीच्या कोडवर नेऊन सोडतो, माझे दोन दिवस यातच गेले होते.

तात्पुरता उपाय म्हणून पूर्ण प्रोजेक्ट ओ० वर आणू नका प्लीज. मेकफाइलमध्ये (बिल्डचे नियम लिहिलेली फाइल) तेवढी एकच फाइल ओ१ वर ठेवा. फंक्शनवर ऑप्टिमाइझ अ‍ॅट्रिब्यूट (त्या एकाच फंक्शनची लेव्हल बदलणारी खूण) लावता येतं पण जीसीसीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ते फक्त डीबगिंगसाठी म्हटलंय. शेजारी कॉमेंटमध्ये कंपायलरचं व्हर्जन आणि बग नंबर लिहा, म्हणजे पुढच्या अपग्रेडला कोणीतरी ती ओळ काढून टेस्ट चालवून बघेल.