‘दोन तासांपासून’ला ‘सिन्स’ लावू नका

मराठीत ‘सकाळपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, दोन्हीकडे एकच ‘पासून’ चालतं. इंग्रजीत इथं फाटा फुटतो. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती वेळ गेला ते सांगायचं तर ‘फॉर’.

ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘पासून’ काढून ‘झाले’ किंवा ‘झाली’ लावून बघा. ‘दोन तास झाले, अंबाबाईच्या रांगेत उभा आहे’ हे जमतं, म्हणून ‘फॉर टू अवर्स’. ‘सोमवार झाले, उभा आहे’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’.

‘गेल्या’ आलं की चांगले चांगले घसरतात. ‘गेल्या वर्षीपासून’ म्हणजे ‘सिन्स लास्ट इयर’. पण ‘गेल्या दोन वर्षांपासून’ म्हणजे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’. ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ कानाला कितीही सवयीचं झालं असलं, तरी चूकच.

आता क्रियापद. बिंदू चौकात उभं राहून ‘वीस मिनिटं बसची वाट बघतोय’ म्हणायचंय. ‘बघतोय’मुळे तोंडात ‘आय ॲम वेटिंग’ येतं. पण काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर ट्वेंटी मिनिट्स’. इथं ‘फॉर’ दोनदा आलंय, त्यातलं एक खोडू नका: पहिलं ‘वेट’चं, दुसरं वेळेचं. कर्ता ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ असेल तर ‘हॅज बीन’.

ओळखणं, आवडणं, जवळ असणं यांना ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘मी त्याला दहावीपासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम सिन्स टेन्थ’. ‘बीन नोइंग’ नाही.

नुसतं साल आलं म्हणून ‘सिन्स’ येत नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं, ही घडून गेलेली गोष्ट: ‘वॉज फाउंडेड इन १९६२’. ते तेव्हापासून कोल्हापुरात आहे म्हणायचं असेल तरच ‘हॅज बीन इन कोल्हापूर सिन्स १९६२’.

आणि अंतराचं ‘पासून’ या दोन्हींत बसत नाही. कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण २० किलोमीटर, तिथं ‘फ्रॉम कोल्हापूर’. दुकान नऊपासून पाचपर्यंत उघडं असतं, तिथंही ‘फ्रॉम नाइन टू फाइव्ह’.