ठिबकणारा नळ, पडणारा स्विच, थंड गिझर : घरच्या घरी काय करावे आणि कुठे थांबावे

नळ ठिबकू लागला की बहुतेकांचा हात आधी त्याची मूठ आणखी आवळण्याकडे जातो. त्याने ठिबक दोन दिवस थांबते खरी, पण आतली रबराची चकती अधिक चिरडली जाते आणि आठवड्याभरात नळ पूर्वीपेक्षा जास्त गळू लागतो. गळतीचा अंदाज घ्यायचा असेल, तर नळाखाली एक लिटरचे भांडे ठेवून वेळ पाहावी. ते तासाभरात भरले, तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर पाणी वाया जाते. टँकरवर विसंबलेल्या सोसायटीत हा आकडा थेट पैशांत मोजता येतो. अशा पंधरा मिनिटांच्या कामासाठी प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन चार-चार दिवस येत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. म्हणून ही कामे पायरीपायरीने कशी करावीत, ते येथे दिले आहे.

आधी बंद करण्याची जागा शोधावी

कोणतीही वस्तू उघडण्यापूर्वी पाणी आणि वीज कुठून बंद होते, हे माहीत हवे. फ्लॅटमध्ये प्रत्येक न्हाणीघराची स्वतंत्र चावी बहुधा भिंतीत, माळ्यावर किंवा डक्टमध्ये असते, तर बेसिन, गिझर आणि फ्लशच्या टाकीखाली पाणी बंद करण्याचे छोटे अँगल कॉक असतात. जुन्या इमारतींतील चाकाची चावी वर्षानुवर्षे फिरवलेली नसल्याने आतून धरलेली असते. तिच्यावर पान्याने जोर दिला, तर दांडी तुटते आणि साध्या कामाचे मोठे काम होते. ती थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत सोडवावी आणि तरीही हटली नाही, तर शेजाऱ्यांना सांगून गच्चीवरील टाकीची चावी बंद करावी. माझ्या पहिल्याच दुरुस्तीत चाक पूर्ण फिरले होते, पण आतली पट्टी अर्ध्यावरच अडकली होती. स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरून पाणी उघडणारी-बंद करणारी नळातली दांडी, सुटताच पाण्याची धार छतापर्यंत गेली. तेव्हापासून चावी बंद केल्यावर नळ उघडा ठेवून दोन मिनिटे थांबायचे आणि धार पूर्ण तुटल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे.

विजेच्या बाबतीत मेन स्विच बंद करणे पुरेसे आहे असे वाटते, पण भारनियमनाच्या काळापासून आपल्याकडे अनेक घरांत इन्व्हर्टर आहे. मेन बंद होताच तो वीज गेली असे समजून दिवे-पंख्यांच्या तारांत पुन्हा वीज सोडतो, म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा लागतो. त्यानंतर टेस्टरने खात्री करून घ्यावी. मात्र काम सुरू करण्यापूर्वी, वीज चालू असतानाच, टेस्टर एखाद्या चालू सॉकेटमध्ये पेटतो का हे पाहून ठेवावे, कारण खराब झालेला टेस्टर कुठेच पेटत नाही.

आपण कुठपर्यंत जावे, याची रेघ कायद्यानेही आखलेली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेल्या तरतुदीनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे मूळ क्षमता न बदलता बदलण्याची मुभा आहे. नवी वायरिंग, वाढीव पॉइंट किंवा मांडणीतील बदल मात्र परवानाधारक ठेकेदारानेच करायचे असतात.

नळ कुठून गळतो, यावरून दोष ओळखावा

पाणी नळाच्या तोंडातून ठिबकत असेल, तर दोष चकतीत, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘वायसर’मध्ये असतो. मुठीखालून पाझरत असेल, तर दांडीभोवतीचे पॅकिंग सैल झालेले असते आणि तेथील नट पाव फेरी आवळल्याने बहुतेकदा काम होते. नळ भिंतीला मिळतो तेथून पाणी येत असेल, तर आट्यांवरील टेफ्लॉन टेप निकामी झालेली असते. हे पाहिल्याशिवाय नळ उघडण्यात अर्थ नाही.

तोंडातून ठिबकणाऱ्या नळासाठी क्रम असा ठेवावा.

१. पाणी बंद करून नळ उघडा ठेवावा आणि बेसिनच्या किंवा मोरीच्या जाळीवर फडके टाकावे. मुठीचा स्क्रू नेमका त्याच भोकात जातो.

२. मुठीवरील लाल-निळी टिकली नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचलावी, खालचा स्क्रू काढावा आणि मूठ सरळ वर ओढावी.

३. चकचकीत नळावर पान्याचे दात उमटू नयेत म्हणून कापड गुंडाळून स्पिंडलचा षट्कोनी भाग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवावा. दुसऱ्या हाताने नळाचे अंग धरून ठेवावे, अन्यथा सगळा नळच भिंतीतून फिरू लागतो.

४. नळ बंद करायला अनेक फेऱ्या लागत असतील, तर तो चकतीचा आहे. स्पिंडलच्या टोकाची झिजलेली चकती काढून त्याच मापाची नवी बसवावी. पाव फेरीत बंद होणाऱ्या नळात सिरॅमिकच्या दोन तबकड्या असतात. तेथे संपूर्ण स्पिंडल बदलणेच सोयीचे पडते.

५. जुना स्पिंडल हातात घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जावे. अर्धा इंची नळ एवढे सांगून भागत नाही, कारण स्पिंडलची लांबी आणि मुठीत बसणाऱ्या दात्यांची संख्या प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

६. नवा भाग बसवण्यापूर्वी आत बोट फिरवून गाळ आणि क्षारांची खरखर पुसून घ्यावी. ज्यावर चकती टेकते ती धातूची कडा खरवडलेली असेल, तर नवी चकतीही महिन्याभरात कापली जाते आणि अशा वेळी नळच बदलावा.

७. स्पिंडल आधी हाताने बसवावा. दोन-तीन फेऱ्या हाताने सहज गेल्या, तरच पाना लावावा. सुरुवातीलाच जड जात असेल, तर आटे तिरके बसत आहेत असे समजून पुन्हा काढावा.

नळ भिंतीतून काढावा लागला, तर आट्यांचे टोक आपल्याकडे करून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळ आवळताना सुटून पुढे गोळा होते आणि गळती जशीच्या तशी राहते. नव्या माणसाची सर्वाधिक चूक येथेच होते.

धारच बारीक झाली असेल, तर तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा थर त्यात विरघळतो. फ्लशची टाकी आतल्या आत गळते का, हे पाहण्यासाठी तिच्यात खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर तळाचे रबरी सील बदलावे. पाणी टाकीतील नळीवरून वाहत असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली करावा.

स्विच वारंवार पडत असेल तर

बोर्डातील एमसीबी आणि आरसीसीबी हे दोन्ही धोका जाणवताच आपोआप पडून वीज तोडणारे स्विच, पण त्यांची कामे वेगळी आहेत. तारेतून क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला किंवा शॉर्टसर्किट झाले की एमसीबी पडते. प्रवाह अर्थिंगकडे किंवा माणसाच्या अंगातून गळू लागला की आरसीसीबी पडते. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलीअँपियरची असते, म्हणजे एवढ्या लहान गळतीलाही ती वीज तोडते. म्हणूनच ती पडते या कारणाने तिला बगल देऊन थेट जोडणी करून घेणे हा शुद्ध आततायीपणा आहे.

दोष शोधण्यासाठी आधी सर्व उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढावेत. केवळ स्विच बंद करून चालत नाही, कारण स्विच फक्त फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार तोडतो. उपकरणाची न्यूट्रल, म्हणजे परतीची, तार अर्थला चिकटली असेल, तर स्विच बंद असूनही आरसीसीबी पडत राहते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने लोक दिवसभर बोर्ड उघडून बसतात. प्लग काढल्यावर सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावी, मग एकेक एमसीबी आणि त्यानंतर एकेक प्लग लावत जावे. ज्या प्लगला ती पडली, ते उपकरण दोषी. काहीही जोडलेले नसताना पडली, तर दोष भिंतीतल्या तारांत आहे आणि आपले काम तेथे संपले. कोरड्या ऋतूत ठीक असलेली आरसीसीबी पावसाळ्यात पडू लागली, तर बाहेरच्या भिंतीवरील किंवा गॅलरीतील ओला पॉइंट आधी संशयित धरावा.

गिझर

अशा तपासणीत सापडणारा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गिझर. त्याच्या पाणी तापवणाऱ्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो, थराखाली धातू प्रमाणाबाहेर तापून चिरतो आणि पाणी आत शिरून प्रवाह गळू लागतो. त्यामुळे पाण्यातून झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी बोर्डातून एमसीबी पाडावी आणि ओल्या हाताने गिझरच्या स्विचला स्पर्श करू नये. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलणे हे मिस्त्रीचे काम आहे.

गिझर मुळीच तापत नसेल, तर मात्र घरमालकाने प्लग पाहावा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपियर प्रवाह घेतो, म्हणून त्याला १६ अँपियरचाच पॉइंट लागतो. प्लगमधील एखादा स्क्रू सैल असला, तरी तेथे उष्णता साठून पिन काळी पडते. एमसीबी पाडून प्लग बाहेर काढावा आणि उघडून पाहावा. तारेचे केस, म्हणजे आतले बारीक तांब्याचे धागे, जळालेले असतील, तर तेवढा तुकडा कापून नवे टोक सोलावे, सर्व केस पीळ देऊन स्क्रूखाली घालावेत आणि तांबे बाहेर डोकावत नाही ना हे पाहावे. हिरवी तार जाड पिनलाच जाते. सॉकेट वितळलेले असेल, तर तेही बदलावे लागते, कारण सैल सॉकेट नव्या प्लगलाही तसेच जाळते.

पाणी तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात, हा दोष नव्हे. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वाढलेला दाब तेथून निघून जातो. थेंब थांबावेत म्हणून ते तोंड एम-सीलने बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. बंद टाकीत दाब वाढत राहिला, तर टाकी फुटू शकते.

गॅस गिझर पेटत नसेल, तर त्याचे दोन मोठे सेल बदलून पाहावेत. याउपर घरी काही करू नये. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली, तर गॅस बंद करून खिडकी उघडावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नये, कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. गिझर बंद न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, तर तो हवेशीर जागी, बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्यावा.