क्लासिक धाटणीचं पिस्तूल घेताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात माजी सैनिक भरपूर. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरच बेळगावात, त्यामुळं परवाना हातात आला की सल्ला द्यायला माणसं लगेच जमतात. चुकतो तो क्रम. आधी मॉडेल मनात भरतं, मग त्याची काडतुसं मिळतात का याची चौकशी होते आणि परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी वाचलं जातं. खरं तर परवाना, काडतूस, हाताचं माप आणि मग मॉडेल, असंच जायला पाहिजे. पैसे आणि मनस्ताप वाया जातो तो बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळंच.

परवाना नीट न वाचणं

लष्करातून आलेल्या माणसाच्या मनात एकच पिस्तूल असतं: ९ मिलिमीटरचं, ब्राउनिंग हाय पॉवरच्या घाटाचं, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं. "सर्व्हिसमधी तेच वापरलंय, हाताला तेच बसतंय," हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. माणूस खोटं बोलत नाही. पण ९ मिलिमीटरचं ते काडतूस आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात मोडतं आणि साध्या परवान्यावर ते हत्यार मिळत नाही. परदेशात १९११ घाटाची (अमेरिकी लष्कराच्या जुन्या पिस्तुलाच्या धाटणीची) पिस्तुलं ९ मिलिमीटरमध्येही सर्रास विकली जातात. त्यांचे व्हिडिओ बघून इथं स्वप्नं रंगवू नका. सामान्य नागरिकासाठी परदेशी हत्याराची आयात १९८० च्या दशकापासून बंदच आहे. म्हणजे हातात राहतात दोन वाटा: देशी बनावटीचं, बहुधा .३२ चं (हे इंचातलं माप) पिस्तूल, नाहीतर कुणाच्या तरी परवान्यावर असलेलं जुनं परदेशी पिस्तूल.

परवान्याची हद्द आमच्या भागात फार महत्त्वाची. घर निपाणीत आणि ऊस कागलला, किंवा घर खानापुरात आणि सासर चंदगडला, असं इथं घरोघरी आहे. परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडताच हत्यार बेकायदा ठरतं, मग गाव आपलंच का असेना. हद्द वाढवून हवी असेल तर रीतसर अर्ज करा: बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडं.

पिकाच्या राखणीसाठी मिळालेला ठासणीच्या बंदुकीचा परवाना पिस्तुलाला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात, तेव्हा घरात आधीपासून काय आहे ते मोजा. आजोबांचं किंवा वडिलांचं पिस्तूल वारसानं आपसूक आपलं होत नाही. परवानाधारक गेला की हत्यार आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं, स्वतःच्या नावावर परवाना घ्यायचा आणि मगच ते घरी आणायचं. कपाटात तसंच ठेवलं तर तो गुन्हा होतो.

सगळं .३२ एकच समजणं

पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाच्या काडतुसाचं पितळी कवच १७ मिलिमीटर लांब, रिव्हॉल्व्हरचं २३ मिलिमीटर. दुकानात नुसतं ".३२ द्या" म्हणू नका. हत्याराचा प्रकार सांगा आणि खोक्यावरचा मजकूर स्वतः वाचा.

या पिस्तुलाच्या काडतुसाची एक खोड बहुतेकांना माहीत नसते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी हत्यार-रचनाकाराच्या आराखड्यातलं हे काडतूस १८९९ च्या सुमाराचं, आणि त्याच्या बुडाला कवचापेक्षा किंचित रुंद कड आहे. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागं गेली, की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागंपुढं सरकणारा भाग) वरच्याला पुढं ढकलायला जाते आणि ते खालच्यात अडकून बसतं. स्लाइड कितीही हलवा, उपयोग होत नाही. लोक पिस्तुलाला दोष देतात, दोष भरण्यात असतो. प्रत्येक काडतूस घालताना त्याची कड खालच्याच्या कडेपुढं राहील असं घाला. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकी आपटा आणि बाजूच्या छिद्रांतून ओळ सरळ दिसते का बघा. एवढ्यानं बरीचशी अडचण मिटते.

लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल, असं धरून चालणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

१९११ हे जॉन ब्राउनिंगचं काम. अमेरिकी लष्करानं ते २९ मार्च १९११ ला स्वीकारलं. मूळ घाटाची नळी ५ इंची, वजन रिकामं असताना साधारण १.१ किलो, मॅगझिनमध्ये .४५ ची ७ काडतुसं. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोन्ही थोडं मागं सरकतात, मग नळीखालची छोटी कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि स्लाइड मोकळी होऊन एकटी मागं जाते. हे सगळं ५ इंची नळीच्या हिशेबानं जुळवलेलं. पुढं कोल्ट कंपनीनं ४.२५ इंची कमांडर काढलं आणि १९८५ मध्ये ३.५ इंची ऑफिसर्स. नळी आखूड झाली की स्लाइड हलकी होते, तिला मागं जायला जागा कमी मिळते आणि स्प्रिंग जास्त ताठ लागते. मग मनगट थोडं जरी सैल राहिलं तरी स्लाइड पुरती मागं जात नाही आणि रिकामं कवच स्लाइडच्या खिडकीत उभं अडकतं. लपवायला सोयीचं म्हणून सगळ्यात आखूड घेणाऱ्याला सराव सगळ्यात जास्त लागतो. तीन लांब्यांत निवडायची वेळ आलीच तर नवख्यानं ५ इंची धरावं. अनुभवी माणसाला कमांडर चालेल.

.३२ च्या छोट्या पिस्तुलांचं गणित वेगळं. कोल्ट १९०३, ब्राउनिंग १९१०, वॉल्थर पीपी यांत नळी पक्की बसवलेली असते, नळी आणि स्लाइडची कुलूपबंदी नसते. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सगळं चालतं, त्यामुळं स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. सांधे दुखणाऱ्या साठीतल्या माणसाला हे छोटं पिस्तूल ओढताना दम लागतो, आणि आकारानं दुप्पट असलेल्या १९११ ची स्लाइड मात्र सहज मागं जाते. दुकानात हातात घेऊन, रिकामं असल्याची खात्री करून, चारपाच वेळा स्लाइड ओढून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मॉडेलच्या शिक्क्यावर भाळणं, हाताचं माप न घेणं

१९११ आणि १९११ए१ यांत फरक आहे, पण तो बहुतांशी हाताच्या सोयीचा. १९२० च्या दशकात केलेल्या बदलांत ट्रिगर आखूड झाला, ट्रिगरमागं फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाच दिली, मुठीच्या मागच्या भागाला खालच्या बाजूनं फुगवटा आला आणि ग्रिप सेफ्टीची (मूठ आवळल्याशिवाय ट्रिगर चालू न देणारी पट्टी) शेपटी लांब झाली. बोटं आखूड असतील तर आखूड ट्रिगर बरा. फुगवट्यामुळं काहींच्या हातात नळीचं तोंड वर जातं, त्यांना सपाट पाठ चांगली. यातले काही भाग बदलता येतात, म्हणून निव्वळ शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. पिस्तूल कोपरापासूनच्या रेषेत सरळ धरा आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट टेकतं का बघा. पेर पोचत नसेल तर नाव कितीही मोठं असो, ते पिस्तूल तुमचं नव्हे. डावखुऱ्यांनी आणखी एक बघावं: जुन्या घाटात अंगठ्याची सेफ्टी फक्त डाव्या अंगाला असते.

कोल्टच्या १९११ ची सिरीज ७० घ्यावी की सिरीज ८० हा वाद गप्पांत खूप रंगतो. १९८३ पासूनच्या सिरीज ८० मध्ये फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडसर आहे. ट्रिगर दाबल्याशिवाय पिन पुढं जात नाही, म्हणून पिस्तूल हातातून पडलं तरी भीती कमी. जुन्यांचा ट्रिगर किंचित हलका लागतो, हे खरं. पण घरात मुलंबाळं असताना मी अडसरालाच मत देईन.

जुनं हत्यार रंग आणि मुठीवरून पारखणं

नवं पॉलिश हा गुण नव्हे, उलट नंबर घासला गेलाय का हे बघायचं निमित्त आहे. फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. खाजगी व्यवहारात आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. "काकांच्या ओळखीतलं आहे, कागद नंतर करू," या बोलीवर हत्यार घरी आणू नका.

मग तपासणी. पहिल्यांदा मॅगझिन काढा, मग स्लाइड मागं ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. क्रम हाच. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीनं घरात गोळ्या सुटल्यात. हाय पॉवरमध्ये मॅगझिन नसताना ट्रिगर चालत नाही. ती सवय लागलेला माणूस १९११ किंवा सुरुवातीच्या घडणीचं कोल्ट १९०३ हातात घेतो तेव्हा जास्त जपायला पाहिजे.

रिकाम्या १९११ चा हॅमर (मागचा घोडा) चढवा, अंगठ्याची सेफ्टी लावा आणि मूठ घट्ट आवळून ट्रिगर जोरात दाबा. ट्रिगर सोडा, सेफ्टी काढा. हॅमर पडला तर विषय संपला, ते पिस्तूल नको. पडला नाही तर पिस्तूल कानाजवळ आणा, तोंड सुरक्षित बाजूला ठेवा आणि अंगठ्यानं हॅमर अगदी थोडा मागं ओढा. बारीकसा टिक आवाज आला तर सेफ्टी झिजलीय आणि आतला भाग हलतोय. आवाज नाही आला तर ती सेफ्टी ठीक. यानंतर ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढून बघा, आणि शेवटी स्लाइड पाव इंच मागं धरून. दोन्ही वेळा हॅमर हलता कामा नये.

हॅमर अर्धा चढवून ठेवणं ही सेफ्टी नव्हे. भरल्या पिस्तुलाचा हॅमर अंगठ्यानं हळूच खाली सोडायची सवय असेल तर आजच मोडा.

अडकलं की लगेच पिस्तूल उघडून बसणं

आधी मॅगझिन बदलून बघा. जुन्या पिस्तुलांत दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं: वाकलेले ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा), थकलेली स्प्रिंग. खराब मॅगझिनवर खूण करून ते बाजूला ठेवा. मॅगझिन चांगलं असूनही कवच बाहेर पडत नसेल तर १९११ चा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं कवच चेंबरमधून ओढून काढणारा भाग) बघा. ती एक लांब पोलादी पट्टी असते आणि स्वतःच स्प्रिंगचं काम करते. चेंबरमध्ये हातानं काडतूस टाकून वर स्लाइड सोडत राहिलं की तिचा ताण जातो. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चढू द्या. रिकाम्या चेंबरवर स्लाइड सटकन सोडणंही टाळा, ट्रिगरच्या आतल्या कडा त्यानं खराब होतात. घासून ट्रिगर हलका करून देतो म्हणणाऱ्या कारागिराकडं हत्यार देऊ नका.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवणं

जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला गंजाबद्दल वेगळं सांगायला नको. चामडं ओल धरतं, आणि त्या ओलीनं एका आठवड्यात निळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके येतात. जून ते ऑक्टोबर पिस्तूल म्यानाबाहेर, तेलाचा पुसट हात फिरवून, कुलपात ठेवा. तेल जास्त नको, ते चेंबरमधून काडतुसाच्या टोपीत (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात) उतरतं.

निवडणुका लागल्या की हत्यारं ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, आणि तिथली खोली कोरडीच असेल असं नाही. जमा करायच्या आदल्या दिवशी नळी आतून पुसून तेल लावा, स्प्रिंगवर ताण राहणार नाही असं ठेवा, मॅगझिनसह सगळ्याचा उल्लेख असलेली पावती घ्या. परत आणल्यावर पावतीवरचा नंबर हत्याराशी जुळवा आणि नळीत उजेड धरून बघा. साफ केल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.