हिमोग्लोबिन उतरले, पण मूत्रपिंड गप्प : एरिथ्रोपोएटिनबाबत या चुका टाळा

मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात अंगातले रक्त का कमी होते, असे विचारले की ‘रक्त वाढवणारे संप्रेरक, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, मूत्रपिंडात तयार होते आणि ते कमी पडते’ हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. आणि राहिलेल्या अर्ध्या भागापायीच अहवाल वाचण्यापासून या संप्रेरकाचे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंत चुका होत जातात.

मूत्रपिंड हिमोग्लोबिन मोजते, असे मानणे ही मुळातली चूक आहे. मूत्रपिंडाला कळतो तो स्वतःच्या ऊतींमधला प्राणवायू. सूक्ष्मनलिकांच्या भोवती असलेल्या काही पेशींमध्ये ‘हिफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू पुरेसा असेल तर एक विकर (एन्झाइम) तोच प्राणवायू वापरून या प्रथिनावर रासायनिक खूण करते आणि खूण झालेले प्रथिन काही मिनिटांत मोडीत निघते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, हिफ टिकते आणि एरिथ्रोपोएटिनचे जनुक चालू होते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काम मूत्रपिंडाकडेच का, याचे उत्तर मला फार देखणे वाटते. मूत्रपिंडाकडे येणारा रक्तप्रवाह वाढला की गाळण वाढते, गाळलेले सोडियम परत शोषण्याचे काम वाढते आणि त्यासाठी प्राणवायूही अधिक खर्च होतो. आवक आणि खर्च बरोबरीने हलत असल्यामुळे प्रवाहातील चढउतारांनी मूत्रपिंड सहसा फसत नाही. रक्तात प्राणवायू किती आहे, एवढेच त्याला जाणवत राहते.

विकार बळावल्यावर मात्र हाच हिशेब उलटतो. गाळण मंदावते, शोषणाचे काम घटते, प्राणवायूचा खर्चही उतरतो. त्यामुळे हिमोग्लोबिन ८ वर आले तरी ऊतींना टंचाई पुरेशी जाणवत नाही. शिवाय संप्रेरक बनवणाऱ्या काही पेशी व्रणाच्या ऊतीत रूपांतरित झालेल्या असतात. अशा रुग्णाच्या अहवालात एरिथ्रोपोएटिन १५ आणि शेजारी ‘सामान्य मर्यादा ४ ते २६’ असे छापलेले पाहून निश्चिंत होणे चुकीचे आहे. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन इतके उतरले, तर हाच आकडा कित्येक पटींनी चढलेला दिसतो. म्हणजे येथे ‘सामान्य’ याचा अर्थ अपुरे असा होतो, आणि एरवी निदान स्पष्ट असताना ही तपासणी करण्याची सहसा गरजही नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक लोहाकडे दुर्लक्ष करण्याची आहे. एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींना मरू देत नाही, पण त्यांच्यात भरायचे हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) ३०० पाहून ‘लोह भरपूर आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु जंतुसंसर्गात किंवा दाहात फेरिटिन आपोआप चढते, म्हणून त्यासोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातले लोहवाहक प्रथिन किती टक्के भरलेले आहे, ते पाहावे. ते १४ टक्के असेल तर साठ्यातले लोह मज्जेपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. इंजेक्शनने गुण येत नसेल तर मात्रा वाढवण्याआधी लोह, छुपा रक्तस्राव, डायलिसिसच्या नळीचा संसर्ग, बी-१२ आणि पॅराथायरॉइड यांची चौकशी व्हायला हवी.

उतावीळपणाही नडतो. परिणाम हिमोग्लोबिनमध्ये दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, त्यामुळे आठवड्याभरात मात्रा वाढवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. निरोगी माणसासारखे १४-१५ हिमोग्लोबिन व्हावे, ही अपेक्षा तर धोक्याचीच आहे : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशाच औषधाच्या ‘ट्रीट’ चाचणीत १३ चे लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. म्हणून डायलिसिसच्या रुग्णांत साधारण १० ते ११.५ पुरेसे मानतात आणि रक्तदाबावर लक्ष ठेवतात.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे. घरी नेताना थर्मासमधल्या बर्फात ते थेट पुरून नेण्याची सवय अनेकांना असते. त्यात औषध गोठू शकते, आणि गोठलेले औषध वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी वापरू नये. सिरिंज जोराने हलवूही नये.

निरोगी माणसांच्याही चुका होतात. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये दोन दिवस राहिले की रक्त वाढते, असे ट्रेकला जाणारे सांगतात. एरिथ्रोपोएटिन तेथे काही तासांतच वाढते खरे, पण पहिल्या दिवसांत वाढलेले हिमोग्लोबिन मुख्यतः रक्तद्रव आटल्यामुळे दिसते. नव्या पेशींची भर पडायला आठवडे लागतात. ते दोन दिवस विश्रांतीचे असतात, श्वसन उंचीशी जुळवून घेण्यासाठी. धूम्रपान करणाऱ्याच्या बोटावरचे प्राणवायू मोजणारे यंत्र ९७ टक्के दाखवत असतानाही त्याचे हिमोग्लोबिन १८ निघू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन त्या साध्या यंत्राला वेगळे ओळखता येत नाही. मूत्रपिंडाला मात्र ती टंचाई जाणवलेली असते.