खेळातली कुऱ्हाड घरी बनवताय? या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याला पंधरा दिवस उरले असताना भाच्यानं फर्मान काढलं, “मामा, यंदा मी क्रेटॉस होतो. अन् कुऱ्हाड पेटली पाहिजे.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल सजवून निघतात, सोबत वेशभूषाही असते. शिवाजी महाराज, झाशीची राणी, शेतकरी दरवर्षी येतात. ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ गेममधला क्रेटॉस आर्वीकडच्या एखाद्या गावात बैलाची दोरी धरून निघाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. खेळ मोठ्यांसाठीचा आहे. या पोट्ट्यानं तो मोबाइलवर दुसऱ्याला खेळताना पाहिलेला.

बाबा ओसरीवरून म्हणाले, “घरी दोन कुऱ्हाडी हायेत ना बे, मंग हे खोटी कायले?”

ही खोटी म्हणजे लेव्हायथन कुऱ्हाड. २०१८च्या खेळात ब्रॉक आणि सिंड्री या बुटक्या लोहारांनी ती घडवलेली असते. पात्यावरची अक्षरं बर्फासारखी निळी उजळतात, आणि फेकलेली कुऱ्हाड कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबलं की हातात परत येते. परत येणं आपल्या हातचं नाही. पण निळा उजेड, फिरवल्यावर सूंऽऽ, आपटल्यावर धप्प आणि दांड्यावरच्या बटणानं परतीचा आवाज, एवढं घरी जमतं. मला ते तिसऱ्या खेपेला जमलं. आधीच्या दोन कुऱ्हाडी फाडाव्या लागल्या, कारण मी त्या आधी सजवल्या आणि मग पेटवल्या.

थर्मोकोल, पाइप आणि चुकीचा डिंक

पहिलं पातं थर्मोकोलचं केलं. गणपतीची आरास करणाऱ्या हातांना तेच सुचतं. त्यावर चांभाराकडचं पिवळं सोल्युशन लावलं, तर पात्याला खड्डे पडले. राहिलेल्या भागावर स्प्रे पेंट मारला, तर तोही भाग विरघळला. या दोन्हींतलं द्रावक थर्मोकोल खातं. फेव्हिक्विकचाही तोच प्रकार. थर्मोकोलच वापरायचा असेल तर आधी पांढऱ्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि रंग ब्रशनं पाण्याचा लावा.

त्यापेक्षा लेकरांच्या खोलीत अंथरतात ती कोड्यासारखी जुळणारी फोमची चटई घ्या. ती कटरनं नीट कापली जाते, पोराच्या हाताला जड होत नाही, कोणाला लागली तरी इजा होत नाही. चांभाराचं सोल्युशन इथे मात्र चालतं. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. ओलं असताना चिकटवलं की दुसऱ्या दिवशी सांधे उकलतात.

दांड्यासाठी मी शेतातला स्प्रिंकलरच्या पाइपाचा तुकडा आणला. फुकटचा होता ना! त्यावर रंग टिकेना, डिंक धरेना. तो पाइप पॉलिइथिलीनचा असतो आणि त्याला साधं काहीच चिकटत नाही. नळफिटिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, वरून पॉलिश पेपर मारा. त्याच्या पोकळीत सेलही बसतो.

बॅटरी : सगळ्यात महागडी चूक

दुसऱ्या कुऱ्हाडीचा बळी फवारणीच्या पंपानं घेतला. आमच्या पंपात १२ व्होल्टची बॅटरी आहे, चार्ज केलेली आहे, मग वेगळा खर्च कशाला, असा शेतकरी हिशेब मी केला आणि तारा जोडल्या. पात्यातली दिव्यांची (एलईडी) पट्टी होती ५ व्होल्टची. एकदा निळी-पांढरी चमकली, अन् गेली. बाबा काही बोलले नाहीत. नुसता पंप उचलून आत नेऊन ठेवला.

डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या पट्टीतला प्रत्येक दिवा वेगळा रंगवता येतो, म्हणून अशा कामाला तीच घेतात. तिला ५ व्होल्ट लागतात. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर साधारण ६० मिलीअँप ओढतो, म्हणजे ३० दिव्यांचे १.८ अँप झाले. दिवे-आवाज चालवणारी छोटी संगणक-पाटी म्हणजे आर्डुइनो नॅनो. हा भार तिच्या ५ व्होल्टच्या पिनेतून न्यायचा नाही. पट्टीला ५ व्होल्ट देणाऱ्या कन्व्हर्टरपासून (त्याचं पुढे येतंच) स्वतंत्र जाड तारा द्या. शिवाय इतका उजेड लागतही नाही. दिवे चालवायच्या फास्टएलईडी या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) मिलीअँपची मर्यादा घालता येते. मी ५०० ठेवली, आणि संध्याकाळच्या अंधारात तेवढ्यात गल्ली निळी झाली.

सेल १८६५० आकाराचा (चार्ज होणारा गोल लिथियम सेल) घ्या, पण वेष्टनावरच्या आकड्याला भुलू नका. ९९०० मिलीअँप-तास छापलेला सेल स्वस्तात मिळतो. या आकारात चांगल्या कंपनीचा सेलही साधारण ३५००च्या आसपास थांबतो, तेव्हा ९९०० ही थाप आहे. सेलच्या टोकांवर थेट सोल्डर करू नका, त्या उष्णतेनं सेल आतून बिघडतो. होल्डर वापरा. चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल घेताना संरक्षण असलेलं मागा. त्यावर बॅटरीसाठी आणि वीज बाहेर नेण्यासाठी अशा वेगवेगळ्या जोडण्या असतात.

सेलचा व्होल्टेज ३.७ असतो, तो ५ करायला बूस्ट कन्व्हर्टर लागतो. हा दुकानातून येतो तेव्हा त्याचा स्क्रू कुठेही फिरलेला असतो. पट्टी जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट करून घ्या. स्क्रूचे पुष्कळ फेरे होईपर्यंत आकडा हलतही नाही, तेव्हा मॉड्यूल खराब आहे म्हणून फेकू नका. पॉवर बँकेचा सोपा मार्ग आहे, पण कुऱ्हाड शांत असली की ती फार कमी करंट घेते आणि बऱ्याच पॉवर बँका ‘कोणी नाही’ समजून बंद होतात.

आता आमच्या उन्हाची गोष्ट. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे सावलीतलाच पारा तिथे पोचतो, टिनाखाली तर विचारूच नका. उन्हाळ्यात बनवणार असाल तर चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, आणि समोर बसून करा. थ्रीडी प्रिंटचे पीएलए प्लास्टिकचे भाग ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतात. ते उन्हात उभ्या गाडीत राहिले तर पातं वाकडं होईल.

आपटली की पुन्हा सुरुवातीपासून बोलते

हा बिघाड सगळ्यांना गाठतो. कुऱ्हाड आपटली, धप्प वाजायला लागलं, दिवे चमकले, आणि मधेच सगळं थांबून चालू करतानाचा आवाज परत आला. कोडमध्ये चूक शोधत मी एक अख्खी रात्र घालवली, मधे दोनदा लाईनही गेली. चूक कोडमध्ये नव्हतीच. दिवे आणि स्पीकर एकाच क्षणी करंट ओढतात, व्होल्टेज पडतो आणि नॅनो रीसेट होतो. पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (उलटा लावला तर फुटतो), तारा जाड आणि आखूड ठेवा, उजेड कमी करा. तरी थांबलं नाही तर सेल थकलेला असू शकतो.

पट्टी मुळीच पेटत नसेल तर आधी तिच्यावरचा बाण पाहा. डेटा बाणाच्या दिशेनंच जातो. मग नॅनो, पट्टी आणि आवाजाचं मॉड्यूल या तिघांचं ग्राउंड (मायनसची तार) एकत्र आहे का ते पाहा. दिवे भलत्याच रंगात लुकलुकत असतील तर नव्वद टक्के हेच कारण. डेटाच्या तारेत पट्टीजवळ ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर टाका. नॅनोऐवजी ईएसपी३२ ही दुसरी पाटी घेतली असेल तर तिचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवरच्या पट्टीला ३.५ तरी हवेत. कधी चालतं, कधी नाही. असं ‘कधी-कधी’ चालणारं यंत्र मुळीच न चालणाऱ्यापेक्षा जास्त डोकं खातं.

आवाज

मेमरी कार्डावरचे आवाज वाजवणारं डीएफप्लेअर मिनी हे मॉड्यूल स्वस्त आणि चांगलं, पण हट्टी. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेलं लागतं. फायलींची नावं चार इंग्रजी आकड्यांत द्या, शून्य-शून्य-शून्य-एक अशी, आणि त्या एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच वाजवण्याची आज्ञा वापरा. नुसती ‘पहिली फाइल वाजव’ ही आज्ञा कार्डावर कोणती फाइल आधी कॉपी झाली ते बघते. त्यामुळे माझी कुऱ्हाड आपटली की सूं करायची आणि फिरवली की धप्प. भाचा हसून लोळला.

वीज दिल्यावर कार्ड वाचायला मॉड्यूलला एक-दोन सेकंद लागतात, त्याआधी दिलेली आज्ञा हवेत जाते. स्पीकरमध्ये बारीक गुणगुण असेल तर मॉड्यूलला आज्ञा पोचवणाऱ्या आरएक्स तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. स्पीकरची कोणतीही तार ग्राउंडला जोडू नका. दिवे बदलत असताना नॅनो इतर गोष्टींकडे लक्ष देत नाही, त्यामुळे मॉड्यूलनं पाठवलेलं उत्तर अर्धवट वाचलं जातं. गाणं संपलं का हे विचारत बसू नका, मॉड्यूलची ‘बिझी’ पिन पाहा. आणि कोडमध्ये सगळं थांबवून ठेवणारा डिले नको, वेळ मोजणारं मिलिस वापरा, नाहीतर आवाज चालू असताना बटण दाबलेलं कळणारच नाही.

स्पीकर नुसता फोममध्ये खोचला तर आवाज पत्र्यासारखा येतो, कारण पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात. मी औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी मागे बसवली. धप्प खरंच धप्प झालं.

चालताना ओरडणारी कुऱ्हाड

हालचाल ओळखायला एमपीयू-६०५० हा सेन्सर लावला. मूळ सेटिंगमध्ये तो धक्का २ जीपर्यंतच (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीइतकं माप) मोजतो आणि सेकंदाला २५० अंशांपर्यंतच फिरणं ओळखतो. पोराचा हात त्यापेक्षा जोरात फिरतो, म्हणून साधं फिरवणं आणि आपटणं दोन्ही सारखंच दिसतं. मर्यादा १६ जी आणि २००० अंश करा. फिरवणं फिरण्याच्या वेगावरून ओळखा, आपटणं धक्क्यावरून. एकदा आवाज झाला की पुढचे ४०० मिलिसेकंद काही ऐकायचं नाही असं कोडमध्ये लिहा. आकडे टेबलावर बसून ठरवू नका, ज्याच्या हातात जाणार त्यालाच अंगणात पळवा.

पांढरं सोनं

दिव्यांचे ठिपके वेगवेगळे दिसले की कुऱ्हाड लग्नाच्या मांडवासारखी दिसते. मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीत दोन दिव्यांत सुमारे १७ मिलिमीटर अंतर असतं. वरचा दुधी प्लास्टिकचा पडदा निदान तेवढा दूर ठेवा. जागा कमी होती म्हणून मी मधे घरचाच कापूस पिंजून पातळ पसरला. उजेड धुक्यासारखा झाला, विकत घेऊन इतका सुंदर झाला नसता. पण कापूस पटकन पेट घेतो. तो फक्त दिव्यांच्या पुढे ठेवा, सेल, चार्जर आणि सोल्डरच्या सांध्यांपासून लांब, आणि सगळं सोल्डर संपल्यावरच भरा.

घरातल्या वायरिंगची एकेरी तांब्याची तार आत वापरू नका, चार वेळा आपटली की तुटते. बारीक पदरांची तार घ्या, प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा आणि सांध्याजवळ तार फोमला बांधून टाका. सुटे भाग नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीत) मिळतात. तिथे जाणार असाल तर प्रत्येक मॉड्यूल एक जास्तीचं आणा, एका मॉड्यूलसाठी परत एसटीनं जाणं परवडत नाही.

पातं बंद करण्याआधी सगळी जोडणी टेबलावर मांडून, ज्या सेलवर चालणार त्याच सेलवर तासभर चालू ठेवा. आणि पातं कायमचं चिकटवू नका. मी मागच्या बाजूला दप्तराचा वेल्क्रो लावला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मेमरी कार्ड निसटलं होतं, दोन मिनिटांत बसलं.

स्विच सेलच्या तारेतच लावा. मी तो पट्टीच्या तारेत लावला होता. दिवे विझले तरी नॅनो आणि आवाजाचं मॉड्यूल मिळून चाळीसेक मिलीअँप पीत राहिले, आणि दोन-तीन दिवसांत सेल रिकामा. आता नीट केलंय. भाच्याचा उत्साह संपल्यावर कुऱ्हाड बाबांकडे गेली. त्यांना निळा उजेड पटत नव्हता म्हणून दांड्यावरचं बटण दाबून धरलं की पांढरा लागेल असं करून दिलं. लाईन गेली की ते ती खांद्यावर घेऊन गोठ्यात जातात.