वेगवेगळ्या फोटोंना एकच रंगछटा: सीएसएस फिल्टर कसा लावावा

संस्थेच्या वेबसाइटसाठी कार्यकारिणीचे फोटो मागवले की कुणाचा स्टुडिओतला येतो, कुणाचा लग्नातला कापलेला, कुणाचा पिवळ्या बल्बखालचा. ते एकेक करून सुधारत बसायची गरज नाही. सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) मधला 'फिल्टर' हे काम एका ओळीत करतो आणि मूळ फाइल तशीच राहते.

सगळ्या फोटोंना एकच क्लास (म्हणजे गटाचं नाव) द्या आणि स्टाइलशीटमध्ये (सीएसएस लिहायच्या फाइलमध्ये) त्या क्लाससाठी ही ओळ लिहा (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायची):

फिल्टर: ग्रेस्केल(100%);

झाले सगळे कृष्णधवल. माझ्या मते बहुतेक वेळा एवढं पुरतं. फारच फिके वाटले तर ग्रेस्केलपुढे, अर्धविरामाच्या आधी, एक जागा सोडून कॉन्ट्रास्ट(115%) जोडा. मध्ये स्वल्पविराम टाकू नका, नाहीतर ब्राउझर अख्खी ओळच सोडून देतो.

निळसर छटा हवी असेल तर मात्र क्रम सांभाळावा लागतो. 'ह्यू-रोटेट' असलेला रंग फिरवतो; कृष्णधवल फोटोत फिरवायला रंगच नसतो, त्यामुळे काहीच घडत नाही. म्हणून आधी सेपियाने सगळ्यांवर एकसारखा तपकिरी रंग चढवायचा, मग तो फिरवायचा आणि सॅच्युरेटने ठळक करायचा:

फिल्टर: सेपिया(100%) ह्यू-रोटेट(180डेग) सॅच्युरेट(150%);

फिल्टर डावीकडून उजवीकडे एकामागून एक लागतात. ह्यू-रोटेट आधी आणि सेपिया नंतर लिहिलंत तर फोटो तपकिरीच दिसेल. 180 च्या जागी 90 घातलेत तर हिरवट छटा येते. आकड्यापुढचं 'डेग' (म्हणजे अंश) गाळू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाचा कोड तपासायच्या खिडकीत) आकडे बदलत बसलं की हवी ती छटा लवकर सापडते.

माउस नेल्यावर मूळ रंग दिसावेत असं वाटत असेल तर 'हॉव्हर'मध्ये (माउस फोटोवर असतानाच्या नियमात) 'फिल्टर: नन' लिहा आणि मूळ नियमात बदल हळुवार व्हावा म्हणून 'ट्रान्झिशन: फिल्टर 0.3एस' घाला. मोबाइलवर माउस नसतो, तेव्हा याला शोभेपुरतंच महत्त्व.

फिल्टर फोटोलाच लावा, बाहेरच्या चौकटीला नको. चौकटीला लावलात तर आतलं नाव आणि हुद्दाही रंगून निघतो.

याच यादीत 'ब्लर'ही आहे, पण चेहरा किंवा आधार क्रमांक झाकायला तो वापरू नका. फोटो नव्या टॅबमध्ये उघडला की सगळं स्वच्छ दिसतं. झाकायचं असेल ते अपलोड करण्याआधी फाइलमध्येच झाका.