रेड अ‍ॅरे मंद झालाय? आधी या चुका टाळा

रेड अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा. त्यावरचा सर्व्हर रखडतोय अशी तक्रार आली की नव्या मुलांचा हात थेट सेटिंगकडे जातो. रीड-अहेड, शेड्युलर, डेटाबेसचा बफर, सगळं एका दुपारीत बदलून मोकळे. मग कशामुळे काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. माझा नियम एकच आहे: प्रत्येक डिस्क वेगळी तपासल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

सॉफ्टवेअर रेड असेल, म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमनेच जोडल्या असतील, तर लिनक्सवर 'आयओस्टॅट -एक्स १' (iostat -x 1) ही कमांड लावून काही मिनिटं शांत बसा आणि अवेटचे, म्हणजे डिस्क उत्तराला किती वेळ घेते त्याचे, आकडे बघा. बाकीच्या डिस्क १० मिलिसेकंदांत उत्तर देताहेत आणि एकच २०० घेतेय, तर गुन्हेगार सापडला. रेड ५ मध्ये डेटा सगळ्या डिस्कवर वाटलेला असतो, त्यामुळे एक रेंगाळली की तिच्यासाठी बाकीच्या खोळंबतात. डिस्क जोडणारं हार्डवेअर कार्ड (कंट्रोलर) असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला अख्खा अ‍ॅरे एकच डिस्क म्हणून दिसतो, तेव्हा कार्डच्या युटिलिटीतून प्रत्येकीचे मीडिया एरर, म्हणजे वाचता-लिहिताना आलेल्या चुका, काढा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीच्या, 'पास्ड' या शेऱ्यावर विसंबू नका. पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले, संशयित भाग) शून्याच्या वर गेले की मी डिस्क बदलतो. सीआरसी एरर, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी, वाढत असतील तर आधी केबल बदला.

आता सगळ्यात घातक चूक. कार्डावरची बॅटरी लाइट गेल्यावर कॅश, म्हणजे कार्डाची तात्पुरती मेमरी, जपते. ती संपली की कंट्रोलर सहसा राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतो. म्हणजे डेटा कॅशमध्ये ठेवून लगेच 'झालं' म्हणण्याऐवजी तो प्रत्यक्ष डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. लिखाण एकदम मंदावतं, पण तो बिघाड नाही, ती सुरक्षितता आहे. एका पतसंस्थेत हेच झालं होतं. तिथल्या मुलाने नेटवर शोधून बॅटरी नसतानाही राइट-बॅक चालू राहील असा पर्याय लावला. सर्व्हर पळायला लागला, सगळे खूश. पुढे पावसाळ्यात भर कामाच्या वेळी लाइट गेली, यूपीएसनेही दम तोडला आणि कॅशमध्ये अडकलेलं लिखाण कायमचं गेलं. मला बोलावलं तेव्हा डेटाबेस उघडतच नव्हता. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि काउंटरवरच्या बायकांनी दिवसभराची व्हाउचरं रात्री उशिरापर्यंत बसून पुन्हा भरली. लोकांच्या ठेवींचा हिशेब असलेल्या मशीनवर असा शॉर्टकट मारणं मला अक्षम्य वाटतं. कंट्रोलरचा लॉग वाचायला पाच मिनिटं लागतात. बॅटरी मागवा, ती येईपर्यंत मंद चालू द्या आणि साहेबांना कारण स्पष्ट सांगा.

दुसरा माझा राग डीडी (dd) या कॉपी करायच्या कमांडने वेग मोजण्यावर. ६४ जीबी रॅमच्या मशीनवर १ जीबी शून्यं लिहायची आणि 'डिस्क तर झकास आहे' म्हणायचं! तो वेग रॅमचा असतो. एफआयओ (fio) हे वेग मोजायचं टूल वापरा, रॅमची कॅश टाळणारा 'डायरेक्ट' पर्याय चालू ठेवा, फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या आणि ४ केबीचं रँडम लिखाण तपासा. डेटाबेसचं काम बरंचसं त्याच धाटणीचं असतं.

रेड ५ वर डेटाबेस ठेवून लिखाण मंद आहे म्हणून रडू नका. एका छोट्या बदलासाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या: चार फेऱ्या. रेड ६ मध्ये पॅरिटी दोन, म्हणून सहा. मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या (७२०० आरपीएम) डिस्कची एक चक्करच ८.३ मिलिसेकंदांची. अशा कामाला मी रेड १०च लावतो, त्यात पॅरिटी नसते, डेटाच्या जोडप्रती असतात.

अ‍ॅरेसाठी स्वस्तातली एसएमआर ड्राइव्ह (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) घेऊ नका, रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारताना, ती जीव काढते. नुसत्या मालिकेच्या नावावरही जाऊ नका: २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red) नावाच्या मालिकेतही २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. मॉडेल नंबर तपासूनच ऑर्डर द्या.

डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड असून महिन्याच्या पहिल्याच रविवारी सर्व्हर मंद होत असेल, तर आधी एमडीस्टॅट (/proc/mdstat, अ‍ॅरेची सद्यस्थिती दाखवणारी फाइल) बघा. बहुधा ठरलेली तपासणी चालू असते. ती बंद करू नका, फार तर वेळ बदला; कधी न वाचलेले खराब सेक्टर तिच्यातच सापडतात.